हुकलेल्या गोलाचा आवाज

बॉल गोलच्या खांबाला लागून बाहेर जातो तेव्हा इंग्लंडमधल्या मैदानावर जो आवाज उठतो, तो मी आजवर कुठल्या कागदावर नीट उतरलेला पाहिला नाही. तो ओरडा नसतो. आधी चाळीस-पन्नास हजार माणसांचा श्वास एकदम आत ओढला जातो, क्षणभर काहीच ऐकू येत नाही, आणि मग तो सगळा श्वास एका लांबलचक, जड, खाली खाली उतरत जाणाऱ्या ‘ऊऽऽ’मधून बाहेर पडतो, आणि तो विरता विरता कुठूनतरी टाळ्या सुरू होतात, हुकला तरी मारला मात्र झकास, असं सांगणाऱ्या. नांदेडला तरोड्यातल्या आमच्या घरात शनिवारच्या रात्री, पंख्याच्या घरघरीतून वाट काढत हा आवाज वर्षानुवर्षं माझ्यापर्यंत येत राहिला. माझं इंग्रजी त्याच्यामागून आलं.

आमच्या पिढीला इंग्रजी भेटलं ते पाचवीत. पहिलीपासूनचं इंग्रजी २००० साली आलं, आमच्या नंतर. आणि भेटलं तेही पेपर म्हणून. कपाटातली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला खाली उतरायची, स्पेलिंगं दहा-दहा वेळा घोकायची, प्रत्येक वाक्याच्या दारात काळ आणि कर्ता तपासून मगच आत पाऊल टाकायचं. त्या इंग्रजीत कुणी कधी हसलं नाही, कुणी हळहळलं नाही, कुणाचं काही निसटलं नाही. त्यामुळे केबलवरून तिकडचा फुटबॉल घरात आला आणि मी इंग्रजीला पहिल्यांदा उसासा टाकताना ऐकलं, तेव्हा अंगावर काटाच आला. ही भाषा बोलणाऱ्यांनाही वाईट वाटतं तर!

त्या उसाशापाठोपाठ समालोचकाचा आवाज यायचा, थोडा बसलेला, बहुधा एकाच शब्दापुरता. ‘वुडवर्क.’ खांब आता धातूचे असतात, पण बोलणाऱ्याच्या जिभेवर अजून जुनं लाकूडच आहे. अगदी तोंडाशी आलेला गोल घालवला की ‘सिटर’. समोरच्याच्या दोन पायांमधून बॉल काढून नेला की ‘नटमेग’. आपण पुरणात किसून घालतो ते जायफळ, आणि तिकडं त्याच्या नावानं भल्याभल्या बचावपटूची फजिती. सामनाभर गोल खाल्ला नाही की ‘क्लीन शीट’. जिंकलेला कर्णधार चंद्राच्याही वर, ‘ओव्हर द मून’. हरलेला पोपटाइतका आजारी, ‘सिक ॲज अ पॅरट’. आणि सगळा संघ आपल्याच गोलपुढे गर्दी करून उभा राहिला की म्हणायचं, यांनी ‘बस पार्क केली’. हा शब्दप्रयोग २००४ साली चेल्सीचे प्रशिक्षक जोसे मोरिन्यो यांनी टॉटनहॅमच्या संघाबद्दल वापरला आणि तिथून तो तोंडोतोंडी झाला. मोरिन्यो पोर्तुगालचे. त्यांचंही इंग्रजी शिकलेलंच. शिकणाऱ्या माणसानं दिलेला शब्द आज ज्यांची ती मायबोली आहे तेही बिनदिक्कत वापरतात, याचं मला फार अप्रूप आहे.

पण या रंगीत शब्दांहून मला जास्त दिलं ते अगदी चिमुकल्या शब्दांनी. ऑन, ऑफ, ओव्हर, थ्रू, अक्रॉस. मराठी माध्यमाच्या मुलाला सगळ्यात जास्त छळतात ती हीच अव्ययं. आपल्याकडं ती नामाच्या मागून येतात, तिकडं पुढून, आणि कुठं कुठलं घालायचं याचा नियम विचारावा तर गुरुजीही अडखळतात. इथं मात्र बॉलच ती शिकवत होता. बारच्या वरून गेला, ओव्हर. दोघांच्या मधून सरकला, थ्रू. खांबाला लागून आत शिरला, इन ऑफ द पोस्ट. डोळा आधी पाहायचा, कान लगेच ऐकायचा, आणि मधे मराठीला ये-जा करावी लागायची नाही. एखाद्या खेळाडूच्या पाठीवर प्रतिस्पर्धी येऊन भिडला की सोबती ओरडतात, ‘मॅन ऑन!’ दोनच अक्षरखंड. क्रियापद नाही, काळ नाही, आणि तरी त्यात किती काळजी भरलेली. मागे बघ, कुणीतरी आलंय. व्याकरणाच्या पुस्तकात मला हे वाक्य कधी भेटलं नव्हतं.

तसं पाहिलं तर मैदानाची बोली आपल्याला परकी कुठं होती? धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळायला घेणारी आणि ‘रडीचा डाव’ म्हणून भांडणारी पोरं आम्ही. जे शब्द शाळेत चालत नाहीत ते मैदानावर केवढे लागतात, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

माझ्या शेजारी अण्णा, माझे वडील, बसायचे. अण्णा नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होते. मिलचा भोंगा आणि अण्णांचा डबा यांच्यावर आमच्या घराचा दिवस चालायचा. तो भोंगा आता नाही, मिलही बंद पडली. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नसे. पण बॉल खांबाला लागला की तिकडचा ‘ऊऽऽ’ आणि अण्णांचा मांडीवर थाप मारून निघालेला ‘अरारारा’ एकाच वेळी उठायचे, आणि त्या दोन आवाजांत मला कधी फरक करता आला नाही. एकदा त्यांनी विचारलं, “एवढी माणसं शनिवारीच कशी मोकळी असतात रे?” तेव्हा मी नुकतंच कुठंतरी वाचलेलं त्यांना सांगितलं. की १८५० च्या कायद्यानं तिकडच्या कापडगिरण्यांत बायका आणि पोरांना शनिवारी दुपारी दोनला सुटी मिळू लागली, पुढे अर्ध्या शनिवारची रीतच पडली, आणि म्हणून सामना दुपारी तीनचा ठरला. १८८८ मध्ये पहिली लीग सुरू झाली तेव्हा बारापैकी सहा संघ लँकेशायरचे, म्हणजे कापसाच्या मुलखातले होते. मँचेस्टर युनायटेड मुळात रेल्वेच्या कामगारांनी उभा केलेला संघ, आर्सेनल तोफा-दारूगोळ्याच्या कारखान्यातल्यांनी. अण्णा बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे ही मिलवालीच माणसं की.” त्या रात्रीपासून ते त्या गर्दीकडं ओळखीच्या माणसांकडं पाहावं तसं पाहू लागले. ज्या इंग्रजीला आम्ही साहेबाची भाषा म्हणून भ्यालो, तिच्यातले हे शब्द डबा घेऊन कामावर जाणाऱ्यांनी घडवलेले होते. हे आम्हाला शाळेत सांगितलं असतं तर!

भाच्याच्या वाट्याला ही भाषा लवकर आली. तो औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. सप्टेंबर २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या निमित्तानं, राज्यानं ‘मिशन वन मिलियन’ काढलं आणि १५ तारखेला गावोगावच्या शाळांत फुटबॉल खेळला गेला. पावसाळ्याचे दिवस. आमच्याकडच्या काळ्या मातीचा चिखल बॉलला असा धरतो की चार लाथांत त्याचा रंग दिसेनासा होतो आणि वजन दुप्पट होतं. पोरं अनवाणी पायांनी तो ढकलत होती, कडेच्या सोयाबीनमध्ये गेला की चौघं मिळून शोधत होती. दिवाळीच्या सुटीत भाचा आजोळी आला तो पायाला खरचटलेलं दाखवतच.

२८ ऑक्टोबरला कोलकात्यात अंतिम सामना होता, इंग्लंड आणि स्पेन. अर्धा तास होतो न होतो तोच स्पेन दोन गोलांनी पुढे. मध्यांतराच्या जरा आधी इंग्लंडच्या ब्रूस्टरनं एक फेडला. आई आतून विचारत होती, कोण जिंकतंय. भाचा मला चिकटून बसलेला, दर मिनिटाला, “मामा, हे काय म्हणलालेत?” मी त्याला सांगितलं, तिकडं म्हणतात, ‘अ गेम ऑफ टू हाव्ज’, पहिल्या अर्ध्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये. त्यानं ते तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवलं. आणि दुसऱ्या अर्ध्यात इंग्लंडनं चार गोल केले. त्यांतले दोन फोडेनचे. ५-२. कोलकात्याचं मैदान गर्जत होतं, भाचा पलंगावर उभा राहून आजीला ते वाक्य ओरडून सांगत होता, आणि त्याला त्यातला एकही शब्द अवघड वाटत नव्हता.

पुढे तो अकरावी-बारावीला लातूरला गेला, इतकी मुलं जातात तसा. औसा रोडला खोली, खाणावळीचा डबा, पहाटेपासूनचे क्लास, भिंतीवर आवर्त सारणी. परीक्षेच्या महिन्यात त्याचा फोन आला, आवाज उतरलेला. मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, “मामा, स्टॉपेज टाइम चालूय. पण शिट्टी झालेली नाही अजून.” माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. सगळ्या वाचनातून मला जे त्याला द्यायचं होतं, ते त्याच्याकडं आधीच पोचलं होतं, आणि तेही त्याचं स्वतःचं होऊन.

शनिवारचे तीनचे सामने खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. मैदानं रिकामी पडू नयेत म्हणून तिकडं तसा नियम आहे. आपल्याकडं मात्र ते दिसतात, उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला. तुमच्या घरात इंग्रजीला बुजणारं एखादं लेकरू असेल तर एका शनिवारी त्याचं पुस्तक मिटवा, कॉमेंट्री इंग्रजीच ठेवा, आवाज थोडा मोठा करा आणि त्याच्या शेजारी बसा. त्यानं अर्थ विचारला तर सांगा. नाही विचारला तर मधे बोलू नका. त्याला ऐकू द्या.