दोन पाण्यांच्या लाइनी

8 डिसेंबर 2025, सोमवार

सकाळपासून मुलींच्या वसतिगृहाच्या पाइप लाइनी रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये काढायला घेतल्या. ऐंशी मुली, माणशी रोजचे 135 लिटर, म्हणजे 10,800 लिटर पाणी. पण खरा प्रश्न किती पाणी हा नाही, कोणतं पाणी हा आहे. बोअरचं पाणी संडास-न्हाणीला, शुद्ध केलेलं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला. आमच्या केळापूर तालुक्यातल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकात लिटरला 1 मिलिग्रॅम ही मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. उकळून ते जात नाही. लहानपणी, दात तयार होण्याच्या वयात, असं पाणी पोटात गेलं की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि ते जन्मभर राहतात. शाळेत माझ्या वर्गातल्या दोघी हसताना तोंडावर हात धरायच्या.

म्हणून बोअरची लाइन हिरवी, पिण्याची निळी.

9 डिसेंबर

आज हातून चूक झाली. पिण्याची एक फांदी स्वयंपाकघरापर्यंत वाढवायची होती. ट्रिम-एक्स्टेंड हे टूल घेतलं, आधी जिथवर न्यायचं तो पाइप, मग वाढवायचा पाइप, असे दोन क्लिक. दोन्ही लाइनी 2,700 मिलिमीटर उंचीवर शेजारी शेजारी होत्या आणि पहिला क्लिक पडला बोअरच्या पाइपवर. सॉफ्टवेअरने लगेच टी बसवला. सांधा सुबक, इशारा काही नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही लाइनी गार पाण्याच्याच. मी चहाला उठले. परत येऊन पाहते तर स्वयंपाकघरापर्यंतची सगळी निळी लाइन हिरवी झालेली.

रंग दिले नसते तर हा नकाशा तसाच साइटवर गेला असता. राष्ट्रीय इमारत संहितेच्या नवव्या भागात पिण्याच्या लाइनीला दुसऱ्या पाण्याची लाइन जोडायला मनाई आहे. हा नियम मला तोंडपाठ आहे, तरी हात चुकला.

10 डिसेंबर

साइटवर गेले. सांडपाण्याची 110 मिलिमीटरची लाइन जुन्या चेंबरला मिळते. जुन्या नकाशात चेंबरचा तळ जोत्याच्या 700 मिलिमीटर खाली दाखवलाय. मिस्त्रीकाकांनी पाणी भरलेली लेव्हलची नळी लावली, दोन्ही टोकांचं पाणी थांबेपर्यंत वाट पाहिली आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. टेपने मोजलं, 620 भरले.

"ताई, कागद कायले पाहता? चेंबरात उतरून पाहा न," काका म्हणाले. उतरले. बरोबर होतं त्यांचं.

11 डिसेंबर

दुपारपर्यंत लाइट नव्हती. घरचे सगळे कापूस वेचायला गेले होते, मीही गेले.

12 डिसेंबर

सांडपाण्याची लाइन पुसून नव्याने काढली. आधी संडासाकडून काढत होते, जोत्याच्या 450 मिलिमीटर खालून सुरुवात करून चेंबरपर्यंत 13 मीटर. साठास एक ढाळ धरला तर 217 मिलिमीटर उतार लागतो आणि हाताशी होते फक्त 170. आज चेंबरकडून सुरुवात केली. तळ 620 वर पक्का, ढाळ वर चढता. संडासाकडचं टोक 403 वर आलं, म्हणजे 47 मिलिमीटर वर उचलावं लागलं. जो बिंदू हलवता येत नाही तिथूनच पाइप सुरू करायचा, हे मी आता सोडणार नाही.

पिण्याची लाइन 2,850 वर नेली, बोअरच्या लाइनीपेक्षा दीडशे मिलिमीटर वर. वाढवताना ट्रिम वापरलं नाही. पाइपच्या टोकावर उजवा क्लिक करून तिथूनच पुढे काढला. व्यास, उंची, सिस्टिम सगळं आधीच्या पाइपचंच पुढे येतं. हात थोडा जास्त चालवावा लागतो, पण मन निर्धास्त राहतं.

13 डिसेंबर

पाठवण्यापूर्वी पिण्याच्या पाइपवर कर्सर ठेवून टॅब दाबत गेले. जोडलेली सगळी लाइन उजळली. एकेक टी, एकेक एल्बो बोट ठेवून पाहिला, मग बोअरची लाइन तशीच तपासली. मिस्त्रीकाकांसाठी दोन लाइनींचे दोन वेगळे कागद काढले आणि पिण्याच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: या लाइनीला बोअरचा पाइप कुठेही जोडू नये.

संध्याकाळी सहाला फाइल पाठवली. दोन्ही लाइनींना जोडणारा सांधा एकही नाही.