शेवटची पानं नसलेलं पुस्तक

गोंदियाच्या बाजारात तांदूळ मागा, दुकानदार दहा जातींचे नमुने पुढ्यात मांडील. नारायण धारपांचं जुनं पुस्तक मागा, तो म्हणेल, "मराठीत? ताई, त्याला नागपूरच गाठावं लागेल!" आपला जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला टेकलेला, बाजारात निम्मी बोली हिंदी. चालायचंच.

धारप (१९२५–२००८) म्हणजे भुताखेतांचे लेखक, एवढंच पुष्कळजणींना ठाऊक असतं. पण त्यांचा 'समर्थ' वाचलाय का? अघोरी शक्तींशी झुंजणारा हा माणूस एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात येत राहतो. मुलांचा हॅरी पॉटर येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे ही मालिका होती, बरं का! कुठलं आधी, कुठलं नंतर, हे मात्र वाचणारीनंच जुळवायचं.

आणि गंमत अशी, की या धारपांचा एक धागा आपल्याच रानातून गेलाय. १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात राही अनिल बर्वे यांना त्यांच्या मित्रानं धारपांची एक गोष्ट सांगितली. तिची त्यांना अशी धडकी भरली, की त्या बीजातून पुढं २०१८ मध्ये 'तुंबाड' सिनेमा आला. (तेव्हा नागझिरा भंडारा जिल्ह्यात होतं, आपला जिल्हा १९९९चा.) सिनेमाचं नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं.

तर माझा शोध 'समर्थांचे पुनरागमन'चा. सासूबाईंनी ते तरुणपणी वाचनालयातून आणलं होतं, आणि त्या प्रतीची शेवटची पानंच कुणी फाडून नेलेली! "समर्थ परत आला गं, पण पुढं काय झालं?" हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. हसायची मी. पण गेल्या वर्षी त्यांना काचबिंदू निघाला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आहे तेवढी औषधानं राखायची. मग म्हटलं, आता पुस्तक मिळालंच पाहिजे.

तुम्हालाही असं काही शोधायचं असेल, तर आधी नव्या आवृत्तीची चौकशी करा. धारपांची बरीच पुस्तकं साकेत प्रकाशनानं पुन्हा छापली आहेत. उगीच जुन्यासाठी चौपट पैसे का मोजा? मला मात्र जुनीच प्रत हवी होती. सासूबाईंना नाव नीट आठवत नसे, पण मुखपृष्ठ डोळ्यांपुढं लख्ख! पुण्यात शिकणाऱ्या भाचीला कामाला लावलं. तिनं रद्दीवाले, जुन्या पुस्तकांचे ठेले पालथे घातले. पैसे देण्याआधी मुखपृष्ठाचा आणि शेवटच्या पानाचा फोटो मागवायचा, हा आमचा नियम. दोन प्रती त्यातच बाद झाल्या, एकीचं शेवटचं पान उंदरानं खाल्लेलं. तिसरी महाराष्ट्र एक्सप्रेसनं, दिवाळीच्या फराळाच्या रिकाम्या डब्यातून आली!

जुनं पुस्तक घरात आलं, की उन्हात टाकू नका, कागद ठिसूळ होतो. सावलीत हवेशीर उघडं ठेवा, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका. कसर असेल तर सुकलेला कडुलिंबाचा पाला चालतो. फाटक्या पानाला चिकटपट्टी कधी लावू नका, पिवळी पडून अक्षरं घेऊन निघते. तांदळाच्या पिठाची पातळ खळ आणि झिरझिरीत कागद पुरतो. आपल्याकडे तांदळाला काय तोटा!

रोज रात्री भांडी आवरली, की मी मोठ्यानं वाचते. यजमान पेपरात डोकं घालून बसतात, पण पान उलटत नाहीत, हे मी बघून ठेवलंय. परवा शेवटचं प्रकरण आलं. सासूबाईंनी माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "राहू दे. इतकी वर्षं थांबले, आता उद्या वाच."


काल लाइट गेली होती. आज वाचायचंय.