दगडाचे वय, मातीचे मोल

आइसलँडभोवती फिरणाऱ्या जहाजावरून मी सुर्ट्‌सी हे बेट दुरून पाहिले. १९६३च्या नोव्हेंबरात समुद्रतळीच्या ज्वालामुखीतून ते वर आले. उद्रेक १९६७पर्यंत चालला. तेथे केवळ संशोधकांनाच उतरता येते. कारण उघड्या खडकावर जीवन आपले आपण कसे रुजते, हे त्यांना पाहायचे आहे. वारा, लाटा आणि पक्षी यांनी आणलेल्या बियांतून तेथे थोडी हिरवळ धरली आहे.

तो काळा खडक मला परका वाटला नाही. निमगाव केतकीची आमची विहीर अशाच बेसाल्टात सुरुंग लावून खोदलेली आहे. फरक केवळ वयाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. त्यांची झीज होत होत आमच्या मळ्यातील काळी माती झाली. विहीर आटू लागल्यापासून ही माती वीटभट्टीला विकण्याचा विषय घरात निघत असे. धाकट्या भावाचे म्हणणे अवाजवी नव्हते; कर्ज खरेच होते. परंतु साठ वर्षांनंतरही त्या बेटाचा बराचसा भाग उघडाच आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर ट्रॉलीमागे ठरलेला भाव मला फार थोडा वाटला.

रात्री भावाला फोन केला. म्हणालो, “माती राहू दे. हप्त्यांचे मी पाहतो.”