दारातली माणसे

माणसाला एखादी हौस असावी, पण ती घरच्यांना सोसवेल इतपतच असावी, असे आमच्या सौ.चे मत आहे. कुणाला पत्त्यांची हौस असते, कुणाला नाटकाची. ती माणसे बाहेर जाऊन हौस भागवतात आणि जेवायच्या वेळी घरी येतात. फोटो काढण्याची हौस मात्र घरातच ठाण मांडून बसते. दिवाळीतल्या पहिल्या करंजीवर उजेड कुठून पडतो ते आधी पाहायचे, मग नैवेद्य. मुलीच्या वाढदिवसाला तिने मेणबत्ती तीनदा विझवायची, कारण पहिल्या दोन्ही वेळा बाबांचे बोट चुकले. असा संसार इतकी वर्षे केल्यावर सौ.ने माझ्याकडून एकच वचन घेतले आहे. वाढलेल्या ताटाचा फोटो काढायचा नाही. ते वचन मी पाळतो, कारण वरण गार झाल्यावर काय होते हे मी एकदा पाहिले आहे.

ही हौस मला वारशाने मिळाली. आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. 1977 साली मिळालेल्या बोनसातून त्यांनी एक अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेतला. बडोद्यात तयार होणारा, काळ्या डबीसारखा तो कॅमेरा त्या काळी मध्यमवर्गीयांच्या घराघरांत असे. एका रोलात 12 चौकोनी फोटो निघत. ते वर्षभर पुरवायचे. गणपतीला चार, दिवाळीला तीन, मे महिन्यात गावी गेल्यावर तीन, आणि उरलेले दोन ‘कुणाचे काही झाले तर’ म्हणून राखलेले. काय झाले तर, हे वडिलांनी कधी सांगितले नाही. बारसेही त्यात बसे आणि बारावेही.

मग 18 जानेवारी 1982 उजाडला. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कुणी कधी जाहीर केले नाही. आमच्या आल्बममध्ये मात्र तो स्पष्ट दिसतो. 1981च्या गणपतीत मी आईच्या कडेवर आहे. पान उलटले की एकदम 1987ची दिवाळी येते आणि मी दप्तर अडकवून ताठ उभा आहे. मधल्या सहा वर्षांत मी चालायला शिकलो, बोलायला शिकलो, माझे दुधाचे दात पडले. पुरावा कशाचाच नाही. रोलला पैसे नव्हते.

वडील गेले तेव्हा मी एम.ए.ला होतो. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून आल्बम चाळला, तर त्यात ते कुठेच नव्हते. कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात असायचा ना! शेवटी गिरणीच्या पासावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात खांद्यावर गिरणीच्या शिक्क्याचा जांभळा कोपरा उमटलेला होता. स्टुडिओवाला म्हणाला, “डाग पुसून देतो.” आई म्हणाली, “राहू दे. तिथंच राबले ते.” तो शिक्का आजही हारातून डोकावतो.

नोकरी लागल्यावर मी कॅमेरा घेतला आणि दादासाहेब फाळक्यांच्या नादी लागलो. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 सालचा, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच्या आधी, 1912 साली, त्यांनी केलेला एक उद्योग मला अधिक मोहवतो. विलायतेहून आणलेला कॅमेरा त्यांनी दादरच्या घरी एका कुंडीसमोर रोखून ठेवला. कुंडीत वाटाणा पेरला होता. रोज थोडे थोडे चित्रण करीत त्यांनी तो अंकुर वाढताना टिपला. त्या छोट्या पटाचे नाव ‘अंकुराची वाढ’. तो पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि पुढचा इतिहास घडला. माझ्या मनात भरला तो मात्र त्यांचा धीर. एकाच वस्तूकडे रोज पाहत राहायचे, बस्स.

मी म्हटले, आपणही असे काही करावे. दादरला वाटाणा, तर करी रोडला काय? करी रोडला तेव्हा गिरण्यांच्या चिमण्या होत्या. 2008च्या जानेवारीपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजता, करी रोडच्या पुलावर एकाच खांबाशी उभे राहून मी समोरच्या एका चिमणीचा फोटो काढू लागलो. फाळक्यांचा अंकुर वर येत होता, माझी चिमणी होती तिथेच होती. वर येत होते ते तिच्यामागचे काचेचे मनोरे. आधी ते तिच्या खांद्याला लागले, मग डोक्याला, मग ती त्यांच्यापुढे पाटीवरच्या पेन्सिलीएवढी दिसू लागली. 2012 साली एका रविवारी मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि चिमणी नव्हती. मधल्या महिनाभरात ती कधीतरी पाडली होती. मी तिच्या जागेचा फोटो काढला आणि घरी आलो.

तो नेम मी सोडला नाही. 29 सप्टेंबर 2017 रोजी शेजारच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली. त्यानंतर लष्कराच्या जवानांनी आमच्या करी रोड स्टेशनावरही एक पादचारी पूल बांधला आणि तो 2018च्या फेब्रुवारीत खुला झाला. त्या महिन्यांचे फोटो माझ्याकडे आहेत. रस्त्याच्या पाटीवर आता महादेव पालव मार्ग लिहिलेले असते, पण आमच्या तोंडी करी रोडच. असे दीडशे-पावणेदोनशे फोटो जमल्यावर एका रविवारी मुलीने ते भराभर पाहिले आणि विचारले, “बाबा, यात माणसं कुठं आहेत?”

मास्तरकी करणाऱ्या माणसाला घरातल्या पोराने असा प्रश्न विचारला की झोप लागत नाही.

त्याच सुमारास आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी पक्की झाली. जवळच ना. म. जोशी मार्गावर 1920च्या दशकातल्या बी.डी.डी. चाळी, त्यांचेही दिवस भरत आलेले. आमच्या चाळीत बिऱ्हाडे अठ्ठेचाळीस. मी ठरवले, चाळ रिकामी होण्यापूर्वी प्रत्येक बिऱ्हाडाचा त्याच्या दारात एक फोटो काढायचा.

पहिला फोटो काढला समोरच्या आप्पांचा. आप्पा वडिलांच्याच गिरणीतले, रिंग खात्यातले, वयाने लहान. भल्या सकाळी ते उंबऱ्यावर बसून तांब्यातले पाणी तुळशीला घालीत होते. अंगात भोके पडलेला बनियन. तिरपा उजेड गालाच्या सुरकुत्यांत शिरलेला. त्यांचे लक्ष नव्हते, आणि जाणकार सांगतात की फोटो काढावा तो लक्ष नसतानाच. मी काढला. फारच सुरेख आला. हौशी लोकांच्या एका स्पर्धेत पाठवला, त्याला ‘गिरणगावचा शेवटचा धागा’ असे नाव दिले (मराठी शिकवणाऱ्याच्या हाती फोटो पडला की असे व्हायचेच), आणि त्याला तिसरे बक्षीस मिळाले.

प्रदर्शन लागले तेव्हा मी आप्पांना आणि काकूंना मोठ्या हौसेने घेऊन गेलो. आप्पांनी पांढरा शर्ट घातला होता, टोपी घातली होती. ते आपल्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. शेजारी दोन मुली उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, “बिच्चारा!” आप्पा काही बोलले नाहीत. येताना गाडीतही बोलले नाहीत. करी रोडला उतरलो. जिना चढताना मध्येच थांबून, कठडा धरून ते म्हणाले,

“मास्तर, माझ्याकडं शर्ट होता रे. सांगितलं असतंस तर घातला असता.”

एवढेच म्हणाले. आवाज चढवला नाही की तोंड फिरवले नाही. घरी गेल्यावर काकूंनी चहासुद्धा पाठवला. मला तो गिळवेना.

या माणसाने संपानंतर भाजी विकली, रात्रपाळीची पहारेकरी केली, दोन मुलींची लग्ने केली आणि कुणापुढे हात पसरला नाही. ती सारी वर्षे माझ्या फोटोत कुठे होती? माझ्या फोटोत होता एक बनियन. तो खोटा नव्हता. पण तो बनियन आप्पांनी घरात घातला होता, चारचौघांत नव्हे. मी त्यांना न विचारता चारचौघांत नेले होते.

होमाई व्यारावालांविषयी मी पूर्वी वाचले होते. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, पुढे दिल्लीत स्वातंत्र्याच्या आगेमागे घडलेले सारे काही कॅमेऱ्यात धरले, 2011 साली पद्मविभूषण झाल्या. अशा बाईंनी 1970 साली कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच. नव्या छायाचित्रकारांचे वागणे त्यांना पटेना, हे त्याचे एक कारण. तेव्हा मला ते जरा अतीच वाटले होते. जिन्यातल्या त्या रात्रीनंतर वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांकडे गेलो. म्हटले, “आप्पा, चुकलो. तो फोटो मी पुन्हा कुठं लावणार नाही. तुम्ही सांगाल तसा दुसरा काढतो.” आप्पांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी दाढी करून, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून ते दारात उभे राहिले. शेजारी काकू, नव्या लुगड्यात. आप्पांच्या हातात सुताने गच्च भरलेली एक बॉबीन होती, शेवटच्या पाळीला खिशातून आणलेली. मला तिचा पत्ताच नव्हता. तो फोटो कुठल्याही स्पर्धेत टिकायचा नाही. दोघेही पासावरच्या फोटोसारखी ताठ उभी आहेत. पण आप्पांनी त्याची चौकट करून घेतली आणि मुलींकडे एकेक प्रत धाडली.

मग तोच नियम झाला. काय घालायचे, कुठे उभे राहायचे, हातात काय धरायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मी फक्त बटण दाबायचे. आणि काय काय बाहेर आले! तळमजल्यावरच्या मावशींनी एके काळी एकट्यादुकट्या कामगारांची खानावळ चालवली होती. त्या जेवणाऱ्यांच्या हिशेबाची वही छातीशी धरून उभ्या राहिल्या. “तेरा जणांचे अजून येणं आहे,” म्हणाल्या, “पण लिहून ठेवलंय म्हणून कुणी विसरलेलं नाही.” कोपऱ्यात गाववाल्यांची खोली होती. तिथे एके काळी वीस-वीस माणसे पाळीपाळीने निजत. आता दोघेच उरले होते. त्यांनी साऱ्यांच्या पत्र्याच्या ट्रंका दाराबाहेर ओळीने मांडल्या आणि आपण टोकाला उभे राहिले.

सत्तेचाळीस दारे झाली. उरले आमचे. आई ऐकेना. “भिंतीवर एक आहे तेवढा पुरे,” म्हणे. यंदा वसुबारसेच्या संध्याकाळी, पणत्या लावून झाल्यावर, ती आपण होऊन म्हणाली, “काढ तुझा तो फोटो.” तिने भिंतीवरून वडिलांची तसबीर उतरवली, पदराने काच पुसली आणि ती पोटाशी धरून उंबऱ्यात उभी राहिली. डाव्या बाजूला सौ. आणि मुलगी. मी गॅलरीच्या कठड्याला पाठ टेकवून कॅमेरा डोळ्याला लावला.

“तू कुठं चाललास?” आई म्हणाली. “त्यांनीही असंच केलं आयुष्यभर. मग शेवटी पासावरचा फोटो लावावा लागला. इकडे ये.”

कॅमेरा आपोआप फोटो काढू शकतो, हे मी सांगू लागलो. ती ऐकून घेईना. म्हणाली, “माणसानं काढलेला हवा. आप्पांना बोलव.”

आप्पा आले. मी त्यांना बटण दाखवले. त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला, डोळ्याला लावला, खाली घेतला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. दिवसभर माळ्यावरचे सामान काढीत होतो. अंगात बनियन होता.

“मास्तर,” आप्पा म्हणाले, “आधी शर्ट घालून ये.”

मी आत गेलो आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलो. वरची गुंडीसुद्धा लावली.