खरी गाडी कुणाची?

दोस्तांनो, "आमचंच खरं!" हे वाक्य तुमच्या घरात दिवसातून किती वेळा ऐकू येतं? आमच्याकडे मोजायला हातांची बोटं पुरत नाहीत. माझा भाचा आणि माझी पुतणी, दोघंही चौदा वर्षांची. एकाचा जीव प्लेस्टेशनवरच्या 'ग्रॅन टुरिस्मो'मध्ये, दुसरीचा एक्सबॉक्सवरच्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'मध्ये. सुट्टीत दोघं एकत्र आली की वाद ठरलेला : कुणाच्या खेळातली गाडी जास्त खरी?

"मामा, आमचा खेळ थोरला," भाचा म्हणतो. "१९९७ साली जपानमध्ये आला. मोठ्या शर्यतीत उतरायचं तर आधी परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागतात. तो बनवणारे काझुनोरी यामाउची स्वतः जर्मनीत नुर्बर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरलेत!"

पुतणी कसली ऐकते! "पण काका, त्या पहिल्या खेळात गाडी भिंतीवर कितीही आपटा, साधा ओरखडा नाही! आमचा फोर्झा २००५ साली आला तोच मोडतोड घेऊन. ह्यांच्याकडे गाडीला पोचे पडलेले दिसायला २०१० साल उजाडलं."

"आणि तुमच्याकडे २००९ पासून मागे जायचं बटण आहे त्याचं काय? धडकलात की दाबा बटण, काही सेकंद मागे! हे कुठलं खरं?"

गंमत म्हणजे, दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. कारण 'खरं' म्हणजे काय, हे प्रत्येक खेळ आपापल्या परीने ठरवतो. पण दोघांच्या पोटातलं गणित मात्र एकाच जातीचं आहे.

ते असं. टायरची रस्त्यावरची पकड म्हणजे ताटातली एकच भाकरी. जोरात ब्रेक दाबला की तिचा मोठा तुकडा ब्रेक खातो, वळायला थोडीच उरते. म्हणूनच भर वेगात वळणावर ब्रेक दाबला, तर गाडी वळायची सोडून सरळ जाऊ पाहते. आणि एस.टी.ने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो ना, तसाच गाडीचा भारही पुढच्या चाकांवर जातो. मागची चाकं हलकी होतात, घसरायला मोकळी. कन्सोल हाच हिशोब अखंड करत असतो. २००७ च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट २' मध्ये तो सेकंदाला ३६० वेळा होत असे!

हे ऐकून भाचा एकदम खुलला. "म्हणजे मला गाडी येतेच की! मामा, मे महिन्यात गावची जीप मी चालवणार. स्पेनचा लुकास ऑर्दोन्येझ ग्रॅन टुरिस्मोची स्पर्धा जिंकूनच शर्यतीत गेला आणि २०११ साली ल मान्सला त्याच्या गटात दुसरा आला!"

आता मात्र प्रश्न वादाचा राहिला नव्हता. मी म्हटलं, "खरंय. पण त्याला आधी खऱ्या गाडीत बसून प्रशिक्षण घ्यावं लागलं, शर्यतीचा परवाना मिळवावा लागला. आता असं करा. तुमच्या खेळात काय नाही, ते दोघं कागदावर लिहा. एकमेकांचं बघायचं नाही!"

दहा मिनिटांनी कागद आले. भाच्याने लिहिलं होतं : वळणावर अंग फेकलं जात नाही. म्हैस आडवी येत नाही. रस्ता ओलांडणारी आजी नाही. पुतणीने लिहिलं होतं : खड्डे नाहीत. शाळेतून सुटलेली मुलं नाहीत. आणि शेवटी एकच शब्द : भीती.

दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकाचा कागद दुसऱ्याच्या खेळालाही तंतोतंत लागू! दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. भाच्याने जीपचा विषय आपणहून सोडला. "अठराव्या वर्षी, परवाना काढून," एवढंच म्हणाला.

तेव्हा दोस्तांनो, खेळा, भांडा, पण कारणं देऊन भांडा. भाकरीचं गणित पक्कं करा, ते पुढे कामी येईल. मात्र एक ध्यानात असू द्या, बरं का : खेळात कुणी ना कुणी मागे जायचं बटण देईल. आपल्या गल्लीतल्या रस्त्यावर ते अजून कुणी बसवलेलं नाही!