पुढे कोणी, मागे कोणी

तोल सावरणे, पायडल मारणे आणि वेळेवर ब्रेक दाबणे एवढे ज्यास साधले त्यास सायकल आली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पन्नाशीच्या उंबरठ्यावर, शाळेची नोकरी सांभाळून, मी ही विद्या हस्तगत करावयास निघाले तेव्हा मला असे आढळून आले की, या तीन गोष्टी अंगवळणी पडल्यानंतरही एक चौथी शिल्लक राहते, आणि ती म्हणजे आपल्याहून कितीतरी वेगवान माणसाच्या सोबतीने रस्ता कापणे. हिची भीती निराळीच असते. पडण्याची भीती शरीराची; गुडघे एकदा खरचटून बरे झाले की तिचा अंमल ओसरतो. पण आपल्या संथपणापायी दुसऱ्याची सकाळ खर्ची पडते आहे ही रुखरुख मनाची असते, आणि तीच नवख्या माणसाला छाती फुटेस्तोवर पायडल मारावयास लावते व अखेरीस सायकल भिंतीशी टेकवून ठेवावयासही लावते.

माझी सोबतीण एकेकाळची माझीच विद्यार्थिनी आहे. गावापासून शाळा दूर असणाऱ्या गरजू मुलींना इयत्ता आठवी ते बारावीच्या काळात मानव विकास कार्यक्रमातून सायकल देण्याची जी तजवीज शासनाने केली आहे, तिचा लाभ आमच्या हिंगोली जिल्ह्यातील ज्या असंख्य मुलींना मिळाला त्यांपैकी ती एक. पुढे भरतीची तयारी करून ती पोलीस खात्यात रुजू झाली, आणि आता हिंगोलीहून औंढा नागनाथ गाठून परत येणे, म्हणजे जातायेता सुमारे ५० किलोमीटरांची मजल, तिच्या लेखी सुट्टीच्या सकाळचे किरकोळ काम आहे. तिच्यापाशी गिअरची सायकल आहे, तशी आता मजपाशीही आहे. फरक यंत्राचा नाही, पायांचा आणि वर्षांचा आहे.

तिने मला जे शिकविले ते बोलून फारसे नाही. तिची सारी शिकवण ती माझ्या पुढे चालते की मागे, डावीकडे की उजवीकडे, यात सामावलेली आहे, आणि तो क्रम वारा, चढ व वाहतूक पाहून बदलत असतो. हे ध्यानात यावयास मला बराच काळ लागला. प्रारंभी मी या बदलास तिची लहर समजत असे.

ज्येष्ठ-आषाढात हिंगोलीहून पश्चिमेस, कयाधूकाठच्या नरसीकडे निघावे, तर पावसाळी वारा समोरून येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो वेग जमिनीशी नव्हे, अंगावर येणाऱ्या हवेशी मोजावयाचा असतो. ताशी १५ किलोमीटरांनी जाणाऱ्या सायकलस्वारावर समोरून ताशी २० किलोमीटरांचा वारा आला तर ती हवा ताशी ३५ किलोमीटरांची होते, आणि तिचा विरोध निवांत हवेच्या मानाने पाचपटींहून अधिक भरतो. तेव्हा वेगवान माणसामागे आडोशाने जाणे हे केवळ शर्यतीतल्यांचे तंत्र आहे, मंदगतीस त्याचा काय उपयोग, ही समजूत आमच्या माळावर तरी टिकत नाही. अशा वेळी ती पुढे होते. मी एका सायकलीच्या लांबीइतके अंतर राखते, नजर तिच्या मागील चाकावर न खिळवता तिच्या खांद्यांवर आणि त्यापलीकडील रस्त्यावर ठेवते, आणि माझे पुढील चाक तिच्या मागील चाकाच्या बगलेत जाऊ देत नाही. कारण चाकास चाक घासले तर पुढची बहुधा सावरते, मागची मात्र हमखास पडते.

चढ आला की क्रम उलटतो. औंढा डोंगरांच्या कुशीत आहे. अजिंठ्याच्या रांगेपासून फुटलेल्या हिंगोलीच्या डोंगरांचे उतार-चढाव त्या रस्त्यावर पायांना पुरते समजतात. चढावर बलवान पुढे राहिला तर त्याच्याही नकळत अंतर वाढते, मागचा ते तोडण्यासाठी धडपडतो, श्वास विस्कटतो आणि अर्ध्या चढावर पाय टेकावे लागतात. म्हणून पायथ्याशीच ती म्हणते, "मॅडम, तुम्ही पुढं व्हा. मी हाय मागं." त्या क्षणापासून वेगाचा हुकूम माझा असतो, आणि जी माझ्या दुप्पट वेगाने माथा गाठू शकली असती ती सर्वांत हलका गिअर लावून माझ्या गतीने वर येते. उतारावर ती पुन्हा पुढे जाते, ते वळणाच्या अलीकडेच, दोन्ही ब्रेकांनी, किती वेग उतरवावा हे मला दिसावे म्हणून.

यात तिला किती कष्ट पडतात, याचा अंदाज मला शाळेच्या मैदानावर आला. आमच्या क्रीडामहोत्सवात संथ सायकलीची स्पर्धा असते. पाय न टेकता जो सर्वांत शेवटी पोहोचेल तो जिंकतो, आणि वेगात पटाईत असलेली मुलेही तीत पहिल्या काही हातांतच कलंडतात. सायकल वेगात असता हॅण्डलच्या किंचित हालचालीने चाके झुकत्या भाराखाली सहज येतात. वेग उतरला की तीच दुरुस्ती मोठ्या प्रमाणात आणि अखंड करीत राहावी लागते. म्हणजे माझ्यामागे ती रेंगाळत नसते, राबत असते. हे कळल्यापासून मी तिची क्षमा मागणे सोडून दिले. कारण दर मैलास क्षमा मागणे म्हणजे तिच्या कौशल्यास उपकार समजणे होय.

सपाटीवर वाहतूक वाढली की ती मागे, पण किंचित उजवीकडे असते, म्हणजे मागून येणारे वाहन तिला वळसा घालते तेव्हा आपोआपच मजपासूनही दूर राहते. आमच्या रस्त्यांचे स्वतःचे ऋतू आहेत. आश्विनात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत असते, फाल्गुन-चैत्रात वसमतच्या बाजूस शिजविलेल्या हळदीचा उग्र वास भरून राहतो, आणि थंडीत उसाने लादलेले, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर धावतात. नवख्याचा खरा घात हे ट्रॅक्टर करतात. पहिली ट्रॉली सरली की तो सुटलो म्हणून आत येऊ पाहतो, आणि दुसरी अंगावर येते. "अजून एक हाय, मॅडम, अजून एक!" हे तिचे ओरडणे मी कोणत्याही उपदेशाहून मोलाचे मानते.

नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि संतमेळ्यात मडके कच्चे ठरल्यावर ते विसोबा खेचरांकडे आले ते औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात, अशी परंपरागत कथा आहे. वर्गात ही कथा सांगताना मी पूर्वी विसोबांपाशीच थांबत असे. आता मुक्ताईपाशी थांबते. नामदेवांच्या अपुरेपणाचा निवाडा मागणारी ती वयाने त्यांच्याहून लहान होती, आणि तिचे ऐकूनच त्यांनी गुरू शोधला.

१९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात, जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या काळात, अक्षरांसोबत सायकलही शिकविली गेली आणि हजारो ग्रामीण स्त्रिया रस्त्यावर आल्या. शिकलेली बाई पुढच्या बाईस शिकवी. तोल शिकविण्यास नुकतीच शिकलेलीच उत्तम, असे मलाही वाटते, कारण तिच्या स्मरणात भय ताजे असते. रस्त्याची गोष्ट वेगळी. तेथे आपला वेग ज्यास आवरता येतो तोच सोबती हवा, आणि आवरावयास तो आधी अंगी असावा लागतो.

या हिवाळ्यापासून आमच्या शाळेतील एक बाई सोबत येऊ लागल्या आहेत. पालखीत रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचा क्रम जसा ठरलेला असतो तसा तिघींचाही ठरविणे भाग पडले. वाऱ्यात सोबतीण पुढे, नवीन बाई मध्ये, मी शेवटी. चढावर नवीन बाई सर्वांपुढे, त्यांच्यामागे मी, आणि सोबतीण अखेरीस. वाहतुकीत मात्र मागे, उजव्या अंगास कोणी राहावे यावर आमचा अद्याप वाद आहे. मी म्हणते, ती जागा आता मजकडे द्यावी. ती म्हणते, उसाचा हंगाम सरू द्या, मग बघू.