चित्रकथेच्या पाठीमागचे पान

ज्या वस्तूचा आम्ही तीस वर्षे वर्गात पाठलाग केला, तिच्याविषयी आज चार शब्द बरे लिहावयास बसलो आहो, हे पाहून आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस हसू येईल. येवो बापडे. ती वस्तू म्हणजे चित्रकथेचे पुस्तक, ज्यास मुले 'कॉमिक' म्हणतात. आणि त्यातही आमचा विषय त्यातील वेताळ किंवा बॅटमन हा नसून, पाठीमागच्या बाजूस बारीक टायपात छापलेले वाचकांच्या पत्रांचे पान हा आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त न्यू जर्सीस असतात. 2019 साली आम्ही उभयता तिकडे तीन महिने राहिलो. एके दिवशी सूनबाईंनी आम्हांस जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात नेऊन बसविले आणि त्या आपल्या कामास गेल्या. तेथे 1960 नंतरच्या दशकातील चित्रकथांची खोकीच्या खोकी होती. चित्रांत आमचे मन रमेना. परंतु सवयीने मजकूर शोधता शोधता आम्ही शेवटच्या पानांवर आलो, आणि सूनबाई परत येईपर्यंत तेथून हललो नाही.

या पानाचा जन्म काही उदात्त हेतूने झालेला नाही. मासिकांना मिळणाऱ्या स्वस्त टपालदराचा लाभ हवा असेल, तर पुस्तकात निव्वळ मजकुराची काही पाने असली पाहिजेत, असा अमेरिकेतील टपालखात्याचा दंडक होता. म्हणून प्रकाशक प्रत्येक अंकात एखादी दोन पानी गोष्ट कोंबीत, आणि मुले ती न वाचताच पान उलटीत. पुढे त्या जागी वाचकांची पत्रे आली, आणि जे पान कोणी वाचीत नव्हते तेच कित्येक मुले आधी उघडू लागली. 'फँटॅस्टिक फोर' या पुस्तकात ते 1962 साली तिसऱ्या अंकापासून सुरू झाले. 'संपादक महाशय' असे लिहू नका, आम्हांस नावाने हाक मारा, असे त्याचे संपादक स्टॅन ली यांनी मुलांना सांगून टाकले, आणि मुलेही लेखक-चित्रकारांना 'प्रिय स्टॅन आणि जॅक' असे लिहू लागली. आमच्या शिस्तीत हे बसणारे नव्हे. पण त्या पत्रांतील मोकळेपणा पाहून आम्हांस थोडा मत्सर वाटला, हे कबूल केले पाहिजे.

पत्रांत स्तुती असते, तशी चूकही काढलेली असते. मागल्या अंकात अमुक वीर तमुक गोष्ट जाणत नव्हता, मग या अंकात ती त्यास कशी ठाऊक झाली, असा रोखठोक सवाल. अशा चिकित्सकांसाठी स्टॅन ली यांनी 'नो-प्राइझ' नावाचे एक पारितोषिक काढले, आणि पुढे नुसती चूक दाखविणाऱ्यापेक्षा ती चूक मुळात चूकच कशी नाही हे सिद्ध करणारा त्याचा मानकरी ठरू लागला. पारितोषिक म्हणजे काय, तर एक छापील रिकामा लिफाफा! आत काही नाही, हीच त्यातील गंमत. हे वाचून आम्ही दुकानात एकटेच हसलो. कारण आमच्या शास्त्रात दुसरे काय चालते? महाभारतात पाणिनीस न मानवणारे रूप आले की टीकाकार ते अशुद्ध म्हणत नाही, 'आर्ष प्रयोग' म्हणून मोकळा होतो. ज्यावर प्रेम आहे त्यातील चूक दिसते तर खरी, पण तशीच सोडवत नाही. त्या दहा-बारा वर्षांच्या पोरांनी पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष कोणत्याही पाठशाळेत न जाता साधला होता. आणि त्यांनाही त्याबद्दल रिकामा लिफाफाच मिळत होता!

आणखी एक गोष्ट. डीसी कंपनीचे संपादक ज्यूलियस श्वॉर्ट्झ यांनी 1961 च्या सुमारास पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापावयास आरंभ केला. आज कोणी मुलांचे पत्ते असे छापणार नाही, आणि छापूही नयेत. परंतु त्या काळी लहानशा गावात आपल्यासारखे वेड असलेला दुसरा कोणीच नाही असे समजणाऱ्या मुलास दूरच्या गावचा पत्ता सापडे, आणि परस्पर पत्रे सुरू होत. अशांतूनच हौशी लोकांची नियतकालिके निघाली. त्यांपैकी 1961 सालच्या 'ऑल्टर ईगो'शी संबंध असलेले रॉय थॉमस हे आमचेच व्यवसायबंधू, मिसुरीतील शाळामास्तर. ते पुढे 1972 साली मार्व्हल कंपनीचे मुख्य संपादक झाले. न्यू जर्सीतीलच एका शाळकरी मुलाचे पत्र 1963 साली 'फँटॅस्टिक फोर'च्या विसाव्या अंकात आले. त्या मुलाचे नाव जॉर्ज मार्टिन. आज ते जगप्रसिद्ध कादंबरीकार आहेत, आणि त्यांचे छापलेले पहिले लिखाण हे पत्रच होय.

आपल्याकडेही हे अगदीच नव्हते असे नाही. नोव्हेंबर 1980 मध्ये मुंबईहून 'टिंकल' निघाले, आणि अनंत पै हे देशभरच्या मुलांचे 'अंकल पै' झाले. त्यातील सुप्पंडी हा भोळा नोकर एका तमिळ वाचकाने धाडलेल्या गोष्टींतून 1983 साली अवतरला.

आता मूळ गोष्टीकडे वळतो, जी सांगावयास आम्ही इतका वेळ टाळाटाळ केली.

सन 1986. आठवीचा वर्ग, संस्कृतचा तास. तिसऱ्या बाकावरील एक मुलगा पाठ्यपुस्तकाच्या आड मुंबईहून निघणारे एक चित्रमासिक वाचीत होता. हा मुलगा विसर्ग हटकून गाळी. 'तुला बारीक पाहण्याची सवयच नाही' असे आम्ही त्यास नेहमी म्हणत असू. आम्ही अंक ओढून घेतला. तो म्हणाला, "सर, त्यात माझं..." पुढचे आम्ही बोलू दिले नाही. अंक कपाटात गेला. सहामाही झाली, वार्षिक झाली; तो मागावयास आला नाही आणि आम्हांसही आठवण राहिली नाही.

2017 साली सेवानिवृत्त होताना कपाट रिकामे केले, तेव्हा तो हाती आला. रद्दीत टाकण्यापूर्वी सहज चाळला, तो शेवटच्या पानावर त्या मुलाचे नाव आणि खाली आमच्या गावाचे नाव! राजाची तलवार एका चित्रात डाव्या कमरेस आणि पुढच्या चित्रात उजव्या कमरेस कशी, असे त्याने विचारले होते. संपादकांनी तीन ओळींत चूक कबूल करून, इतक्या बारकाईने पाहणारा वाचक लाभल्याबद्दल आनंद दर्शविला होता. आम्ही तो अंक रद्दीत टाकला नाही. पण परतही केला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यार्थ्याची क्षमा मागण्याचा सराव नसतो.

न्यू जर्सीच्या त्या दुकानात मात्र, परक्या मुलांची नावे वाचता वाचता, आपण त्या दिवशी काय ओढून घेतले होते ते आम्हांस उमगले. परत आल्यावर जानेवारीत एका जुन्या विद्यार्थ्याकडून त्याचा नाशिकचा पत्ता मिळविला, अंक पुठ्ठ्यात घालून रजिस्टर टपालाने पाठविला आणि सोबत एक पत्र लिहिले. त्या पत्राचे आम्ही चार खर्डे केले.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. ती. गुरुवर्यांस शिरसाष्टांग नमस्कार वगैरे झाल्यावर त्याने लिहिले होते की, अंक त्या दिवशी सकाळीच स्टँडवरच्या दुकानात आला होता. वर्गात पान उघडून तो आपले नाव पाहतो न पाहतो तोच आमचा हात आला. संपादकांनी काय उत्तर दिले हे वाचावयाचे राहूनच गेले होते. ते आता वाचले. मुलीलाही वाचून दाखविले.

पत्राखाली ताजा कलम होता: "सर, आपल्या पत्रावर 2020 ऐवजी 2019 पडले आहे. क्षमस्व."